न वाचणारी दोन पोरं: एकाचा ‘तारे जमीन पर’, दुसरीचा ‘हिचकी’

वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला आणि भिंतीवर ‘तारे जमीन पर’ दाखवला. पालकांनाही बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधीच एक माउली दारात उभी. सोबत चौथीतलं पोरगं. म्हणाली, “गुर्जी, त्या सिनेमातल्या पोट्ट्यासारखंच हाये याचं. याले सारं समजते, पन पुस्तक घेतलं का डोयात पानी येते.” दुपारी अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याकडच्या वीटभट्टीवर काम करणारा एक कोरकू आदिवासी बाप आला. त्याची मुलगीही चौथीतच. त्याचंही म्हणणं तेच: मुलगी हुशार आहे, पण वाचता येत नाही, तिलाही तोच आजार असेल.

त्या माउलीचं बरोबर होतं. त्या बापाचं नव्हतं. पण वर्गात दोघांपुढे एकच पान ठेवलं तर दोघंही एकाच ओळीवर अडायची. मलाही फरक कळायला बरेच महिने गेले.

शिक्षकांवरचे सिनेमे आपण सगळे एकाच माळेत ओवतो. चांगला गुरुजी येतो, मागे पडलेली मुलं पुढे जातात. पण 2007 चा ‘तारे जमीन पर’ आणि 2018 चा ‘हिचकी’ शेजारी ठेवून बघा, त्यांतली मुलं वेगवेगळ्या कारणांनी मागे पडलेली आहेत. ईशान अवस्थीचं घर खाऊनपिऊन सुखी आहे, शाळा आहे, पुस्तकं आहेत, शिकवणारी आई आहे. एवढं सगळं असून अक्षर त्याच्या हाती लागत नाही. त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं अवघड जाणं. ‘हिचकी’तली नववी फ म्हणजे श्रीमंतांच्या शाळेत जागा मिळालेली वस्तीतली मुलं. त्यांच्या डोक्यात काही अडलेलं नाही, अडलंय ते बाहेर. (त्यात टुरेट सिंड्रोम, म्हणजे आपोआप येणारे झटके आणि आवाज, आहे तो नैना माथुर या शिक्षिकेला, मुलांना नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांची इथेच गल्लत होते.) तुकडीचं अक्षरच मुलांच्या कपाळावर कसं बसतं, हे मराठीत ‘दहावी फ’ने 2002 मध्येच दाखवलं होतं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दोन्ही सिनेमांतली एक सारखी गोष्ट. दोन्हीकडचे शिक्षक मुलांच्या घरी जातात, पण तिथे जाऊन पाहतात ते वेगळं. ‘तारे जमीन पर’मधले चित्रकलेचे निकुंभ सर ईशानच्या वह्या आणि चित्रं पाहतात, त्याच्या चुकांमध्ये एक ठराविक पद्धत आहे हे आईवडिलांना उलगडून दाखवतात. नैना वस्तीत जाते ती मुलं कशी राहतात, घरासाठी काय काय करतात ते पाहायला. एकाने वही वाचली, दुसरीने घर वाचलं. माझ्या त्या दोन पोरांसाठी मला हेच करावं लागलं.

मुलाची वही आधी घेतली. तो रोज शाळेत यायचा, एक दिवस खाडा नाही. आज ‘कमळ’ बरोबर लिहिलं, उद्या तेच ‘कळम’. ‘घर’चं ‘धर’. वाचताना अक्षरं ओळखायचा, पण एकेक अक्षर गोळा करेपर्यंत ओळीचा अर्थ सुटून जायचा. जोडाक्षर आलं की गाडी बंद. मात्र कविता दोनदा ऐकली की पाठ. एका एकराला किती पंप फवारणी लागते आणि औषधाचा एक डबा किती पंपांना पुरतो, हा हिशेब तोंडी, माझ्या आधी.

इथे सिनेमामुळे झालेली एक चूक सांगायलाच हवी. ईशान इंग्रजी वाचतो, म्हणून त्यात इंग्रजी बी आणि डीची अदलाबदल आणि आरशातल्यासारखी उलटी अक्षरं दिसतात. ते पाहून आपल्याकडे लोक उलटं अक्षर शोधत बसतात. लहान वयात उलटं अक्षर बरीच मुलं लिहितात, तेवढ्याने काही ठरत नाही. आणि मराठीत जसं लिहितो तसंच बहुतेक वाचतो, त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मराठी माध्यमाचं मूल सुटी अक्षरं हळूहळू शिकतंही. त्याची अडचण दिसते ती वाचनाच्या वेगात, जोडाक्षरांत, काना-मात्रा गळण्यात, घ-ध, भ-म, थ-य अशा दिसायला जवळच्या अक्षरांत. मूळ अडचण बहुधा डोळ्यांची नसते, शब्दातले आवाज सुटे करून अक्षरांशी जोडण्याची असते. ‘पाटी’मधला ‘पा’ काढला तर काय उरतं, हे विचारून बघा. हे मूल खूप वेळ थांबतं.

मुलीची वही वेगळी निघाली. चुका होत्या, पण दुरुस्त करेपर्यंत रोज त्याच. एकदा दुरुस्त केलेला शब्द पुन्हा चुकायचा नाही. हजेरीपट मात्र अर्धा रिकामा. मेळघाटातली कितीतरी कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामाला खाली उतरतात आणि होळीला परततात. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते, म्हणजे हातात सलग मिळतात ते चारेक महिने. चौथीतल्या या मुलीचं शाळेत बसणं जेमतेम दुसरीच्या मुलाइतकं झालं होतं. शिवाय घरची बोली कोरकू. कोरकूचं मराठीशी काही नातं नाही, ती मुंडा कुळातली भाषा. तिच्यात नामांचा भेद सजीव-निर्जीव असा होतो, मराठीसारखा तो-ती-ते नाही. म्हणून ती ‘बैल आली’ म्हणायची आणि सगळा वर्ग हसायचा. ही वाचनाची चूक नाहीच. ‘होडी’ तिने अक्षर लावून बरोबर वाचलं, पण होडी म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग ताडून कसं पाहायचं? आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. कानात पू येणारी, फळ्यावरचं न दिसणारी मुलं आपल्या वर्गात कमी नाहीत. त्यानंतर ‘असर’च्या (मुलांना कितपत वाचता येतं ते पाहणाऱ्या देशभरातल्या पाहणीच्या) चाचणीसारखी उतरंड लावायची: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. मूल जिथे अडतं तिथूनच, त्याच पातळीच्या मुलांसोबत, रोज तासभर, दीड-दोन महिने शिकवायचं. आमची ही दोघं ‘शब्द’वर होती. आठव्या आठवड्यात मुलगी उताऱ्यावर पोचली. मुलगा ‘शब्द’वरच, आणि आधीपेक्षा जास्त रडवेला. ज्याला शिकवणं मिळालं नव्हतं ते मूल शिकवलं की सरकतं. ज्याला शिकवण्याची ही रीतच लागू पडत नाही, त्याला तीच रीत दुप्पट वेळ दिली तर ते आणखी खचतं. हे काही निदान नाही. निदान तज्ज्ञच करतात, आणि तेही साधारण तिसरीच्या, आठ वर्षांच्या सुमारास. पण तज्ज्ञाकडे कोणाला पाठवायचं, एवढं यातून कळतं.

पुढे दोघांच्या वाटा अगदीच वेगळ्या झाल्या. मुलासाठी निकुंभ सरांची वाट: रेतीत बोटाने अक्षर, मातीचं अक्षर, मोठ्या चौकटीत लिहिणं, एका वेळी एकच आवाज, आणि पेपर त्याला वाचून दाखवणं. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाला गाठलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया तिच्यातच येतो. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जास्तीचा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. हे पालकांना दहावीच्या फॉर्मच्या वेळी कळतं, तेव्हा धावाधाव होते. चौथीतच सांगा.

मुलीला रेतीतल्या अक्षरांची गरज नव्हती. तिला दिवस हवे होते. कामाला बाहेर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय असते; तिच्या आधारावर आजीजवळ राहून ती गावातच थांबू शकली असती, पण त्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळायला घरच्यांनी तिला नेलंच. मग जाताना शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत तिला बसवून घेतील. ती गावात असताना वर्गात सातवीतल्या एका कोरकू मुलीला तिच्याशेजारी बसवायला लागलो. आधी कोरकूत बोलायचं, मग मराठीत, मग वाचायचं. होळीला परत आली तेव्हा ती दोन पानं विसरली होती, सगळं पुस्तक नाही.

इथवर दोघांचं निस्तरलं. मला रात्री झोप लागत नाही ती तिसऱ्या मुलामुळे. डिस्लेक्सिया म्हणायचा तर मुलाला पुरेसं शिक्षण मिळालेलं असावं लागतं. भट्टीवर वाढणाऱ्या मुलाला ते मिळालेलंच नसतं, म्हणून त्याला कोणी तपासायला पाठवत नाही. गैरहजर आहे, बोली वेगळी आहे, एवढ्यावर विषय संपतो. पण ईशानसारखं मूल भट्टीवरही जन्माला येतं. त्याच्यासाठी वहीही वाचावी लागते आणि घरही.

माझ्या वर्गात यंदा असाच एक आहे. होळीनंतर आला, जुलैपासून रोज हजर आहे, कोरकूत इतकं रंगवून सांगतो की पोरं खेळ सोडून ऐकत बसतात. दीड महिना होऊन गेला. तो अजून ‘शब्द’वरच आहे. त्याच्या चुका मी तारीख टाकून वेगळ्या वहीत उतरवतोय, आणि पुढच्या आठवड्यात तालुक्याला जाताना ती वही सोबत नेणार आहे.