पहिली गोधडी शिवताना : नव्याने शिकणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोधडी प्रथमच शिवू पाहणाऱ्या ग्राहकांना आमची पहिली सूचना अशी की, पलंगभर आकाराचा बेत तूर्त बाजूला ठेवावा आणि ५ इंचांच्या २५ चौकोनांचा, म्हणजे पाच ओळींत पाच चौकोन असलेला, छोटा नमुना हाती घ्यावा. एवढ्या कामात कापण्यापासून मगजी (कडेभोवती दुमडून शिवायची पट्टी) लावण्यापर्यंतच्या साऱ्या पायऱ्या येतात आणि कंटाळा येण्यापूर्वी ते पुरे होते.

कापड मध्यम जाडीचे, घट्ट विणीचे आणि शुद्ध सुती असावे. सुळसुळीत किंवा ताणले जाणारे कापड सरावलेल्या हातांनाही त्रास देते. सुती कापड पाण्यात आटत असल्याने ते आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. गडद लाल व निळ्या कापडावर ओले पांढरे फडके चोळून पाहावे आणि फडक्याला रंग लागल्यास ते कापड फिक्या रंगांशेजारी वापरू नये. चौकोन उभ्या-आडव्या धाग्याला धरूनच कापावेत, कारण उरेब (धाग्याला तिरकी) कापलेली कड शिवताना ताणली जाते.

नवशिक्यांचे काम सर्वाधिक बिघडते ते शिवणीच्या मायेत, म्हणजे शिवण आणि कापडाची कड यांच्यामध्ये सोडलेल्या कापडात. ही माया पाव इंचाची ठेवण्याची रीत आहे. ती प्रत्येक शिवणीत अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेली, तर दोन्ही बाजूंचे मिळून एक सूत कापड कमी होते. पाच चौकोनांच्या ओळीत चार शिवणी येतात, म्हणजे २३ इंचांची ओळ अर्धा इंच आखूड भरते आणि शेजारच्या ओळीशी तिचे कोपरे जुळत नाहीत. म्हणून मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावावी आणि दोन चिंध्या जोडून, मोजून मगच खऱ्या कापडाला हात घालावा.

ओळ शिवून झाल्यावर इस्त्री घासू नये, उचलून दाबत जावी. एका ओळीतील शिवणी डावीकडे व पुढच्या ओळीतील उजवीकडे वळवल्या, की ओळी जोडताना त्या एकमेकींत चपखल बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात.

भरण (मधला मऊ थर) आणि अस्तर (खालचे कापड) वरच्या थरापेक्षा, म्हणजे चौकोनांच्या जोडकामापेक्षा, चारही बाजूंनी २ ते ३ इंच मोठे घ्यावे. अस्तर उलटे पसरून, कडा चिकटपट्टीने ताठ बसवून, त्यावर भरण व जोडकाम ठेवावे आणि मध्यापासून कडेकडे जात वीतभरापेक्षा कमी अंतरावर कच्चे टाके घालावेत. ही पायरी उरकून टाकण्याचा मोह फार होतो, मात्र अस्तराला पडलेल्या चुण्या पक्के टाके घातल्यावरच दिसतात, आणि तेव्हा उसवण्याला पर्याय नसतो. पक्क्या टाक्यांसाठी हाताने धावदोरा घालावा; टाके बारीक असण्यापेक्षा सारखे असणे महत्त्वाचे आहे. दोऱ्याची गाठ हलक्या झटक्याने भरणात ओढून घेतली की वरून दिसत नाही. मशीन वापरायचे असल्यास तिन्ही थर एकाच गतीने सरकवणारा वॉकिंग फूट लावावा. टाक्यांच्या दोन ओळींमधले कमाल अंतर भरणाच्या वेष्टनावर छापलेले असते; ते ओलांडल्यास धुतल्यावर भरणाचे गोळे होऊ शकतात.

कडा सरळ छाटून झाल्यावर अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या तिरक्या जोडाने एकत्र शिवून, लांबीत दुमडून मगजी लावावी. या नमुन्याला कोपरे आणि शेवटचा जोड धरून सुमारे १०५ इंच पट्टी लागते.