वरचे युनिट आधी वाचवा : वीजबिलाबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मे महिन्याचं बिल आलं की आमच्या नौपाड्यातल्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आमचं मीटर पळतंय का हो?" दहातल्या नऊ वेळा मीटर ठीक असतं. पळालेला असतो एसी, आणि त्याच्याबरोबर स्लॅब, म्हणजे बिलातला दराचा टप्पा. म्हणून आधी बिल कसं वाचायचं ते सांगतो. वस्तू विकायचं नंतर बघू.

ठाण्यात आणि नवी मुंबईत बहुतेकांना महावितरणचं बिल येतं. कळवा, मुंब्रा, शीळ भागात टोरंट पॉवरचं येतं, पण दर तेच, वीज नियामक आयोगाने ठरवलेले. घरगुती वीज चार टप्प्यांत मोजतात: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या साधारण दुप्पट आहे, तिसऱ्याचा जवळजवळ तिप्पट. नेमका दर बदलत राहतो, तो बिलाच्या मागच्या बाजूला पाहावा.

इथे एक गैरसमज फार आहे. १०१ युनिट झाले की सगळेच युनिट महाग होतात, असं लोक समजतात. तसं नाही. पहिले शंभर कायम स्वस्तच लागतात, महाग लागतो तो त्यांच्या वरचा भाग. म्हणजे ३४० युनिट वापरणाऱ्याने ४० वाचवले, तर त्याच्या बिलातले सगळ्यात महाग ४० वाचले. आणि ९० युनिट वापरणाऱ्या आजी-आजोबांनी महागडा पंखा बसवला, तर वाचणारे युनिट सगळ्यात स्वस्तातले. तुमचं घर कुठल्या टप्प्यात बसतं हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका, आमच्याकडूनसुद्धा.

वीज आकाराबरोबर स्थिर आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या बदलत्या खर्चाचा) आणि वर १६ टक्के वीज शुल्क लागतं. यातला स्थिर आकार सोडला तर बाकी सगळं युनिटबरोबर वाढतं-घटतं. कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर गो-ग्रीन सवलत मिळते. रक्कम लहान आहे, पण एकदा नोंदणी केली की पुन्हा बघावं लागत नाही.

आता एसी. आपल्याकडचा उन्हाळा नागपूरसारखा कोरडा नाही, खाडीवरचा दमट आहे. त्रास होतो तो जास्त घामाचा. त्यामुळे १८ वर लावून ब्लँकेट घेण्यापेक्षा २५-२६ वर लावून वर पंखा मंद फिरवला तर अंगाला तितकंच बरं वाटतं. एक अंश वर नेला की एसीची वीज सुमारे ६ टक्के वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतं. २०२० पासून स्टार लेबलचे एसी चालू करताच २४ वर यावेत असा नियम आहे, तो उगाच नाही. आणि १८ दाबल्याने खोली लवकर थंड होत नाही. कॉम्प्रेसर बंद व्हायचं नाव घेत नाही, एवढंच. जून-जुलैत पाऊस सुरू असताना ड्राय मोड वापरून बघा, त्या दिवसांत हवेतलं पाणी कमी झालं की पुरतं.

जुना दीड टनी बिनइन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड युनिटच्या आसपास खातो. रोज आठ तास लागत असेल तर तो बदलण्यात अर्थ आहे. वर्षातून दोन महिने, रात्री दोन तास लागत असेल तर अजिबात नाही. फिल्टर धुवा, दर पंधरा दिवसांनी, नळाखाली. त्याला आम्हाला बोलवायची गरज नाही. घोडबंदर रोडला बांधकामं चालू आहेत तोवर तिकडच्यांनी आठवड्याने धुतला तरी चालेल.

पंख्याचा हिशेब मात्र सगळ्यांनी करावा, कारण पंखा आपल्याकडे जानेवारीतही फिरतो. साधा पंखा ७५ वॉटचा. रोज १६ तास म्हणजे महिन्याला ३६ युनिट. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास, म्हणजे साडेचौदा युनिट. एका पंख्यामागे २१ युनिट वाचतात. वरच्या टप्प्यातल्या घरात त्याची जास्तीची किंमत वर्ष-सव्वा वर्षात वसूल होते. हॉलचा आणि झोपायच्या खोलीचा बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. बीएलडीसीला भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही, तो काढून घ्यावा लागतो. रिमोट सोफ्यात हरवणार हे धरून चाला. जुना पंखाच ठेवणार असाल आणि भिंतीवर अजून तो मोठा चौकोनी, गरम होणारा रेग्युलेटर असेल, तर तेवढा तरी बदला. पंखा मंद केला तरी तो वीज उष्णतेत घालवत बसतो.

जुन्या इमारतींत अजून तांब्याच्या चोकच्या ट्यूबलाइट दिसतात. ट्यूब ४० वॉटची म्हणतात, पण चोक धरून ५०-५५ होतात. २० वॉटच्या एलईडी पट्टीत तेवढाच उजेड पडतो.

गिझरबद्दल घराघरांत भांडणं होतात. १५ लिटरचा गिझर २५ वरून ६० अंशांपर्यंत पाणी तापवायला साधारण ०.६ युनिट घेतो. ते टाळता येत नाही, आंघोळ करायचीच आहे. टाळता येतं ते दिवसभर बटण चालू ठेवणं. नुसतं पाणी गरम ठेवण्यात रोज अर्धा युनिट वाया जाऊ शकतो. थर्मोस्टॅट ५० वर आणा, आणि सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरका. (हे सांगणं सोपं आहे, माहीत आहे.) टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसून ती लवकर जळते, दोन वर्षांतून एकदा साफ करून घ्या. वीज वाचवायला गॅस गिझर लावणार असाल तर बंद बाथरूममध्ये कदापि नको, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात.

फ्रिज चोवीस तास चालतो. स्वयंपाकघर लहान म्हणून त्याला कपाटात कोंबू नका, मागे हाताची वीत शिरेल एवढी जागा ठेवा. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा. सहज सुटला तर रबर गेलं.

सेट टॉप बॉक्स हा छुपा भाडेकरू. रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो १० वॉट घेत राहतो, महिन्याला सात युनिट. बटण भिंतीवर बंद करा. मोबाइल चार्जर मात्र विसरला म्हणून मुलांवर ओरडू नका, तो रिकामा असताना जवळजवळ काहीच घेत नाही. इस्त्री, मिक्सर यांचंही तसंच, वॉट जास्त पण वेळ कमी. वॉशिंग मशिनमध्ये गरम पाण्याचा प्रोग्राम तेवढा टाळा.

प्लगमध्ये लावायची 'पॉवर सेव्हर' डबी आमच्याकडे मिळत नाही आणि मिळणारही नाही. आत बहुधा एक कपॅसिटर आणि एक लुकलुकणारा दिवा असतो. घरगुती बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटवर लागतं, आणि तो आकडा कपॅसिटरने कमी होत नाही.

मीटरवर संशय असेल तर ही चाचणी घरीच करा. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज, वायफाय आणि बॅटरीचा इन्व्हर्टरसुद्धा. मग खाली मीटरपाशी जाऊन लाल दिवा पाच मिनिटं बघा. लुकलुकला तर कुठेतरी वीज जाते आहे: गळती असेल, नाहीतर जिन्याचा दिवा किंवा शेजारची वायर तुमच्या मीटरवर असेल. एका काकूंकडे असा दिवा लुकलुकला आणि कारण निघालं गिझरची आतून भिजलेली वायर. वीज तर जात होतीच, पण जिवावरचंही होतं. अशा वेळी मेन बंद करून आधी आम्हाला बोलवा. मीटरचं सील मात्र कुणीही तोडायचं नाही, आम्हीही तोडत नाही.

वस्तू किती खाते हेही त्याच दिव्यावरून कळतं. मीटरवर एका युनिटला ३२०० इम्पल्स (म्हणजे दिव्याचं लुकलुकणं) असं छापलेलं असेल आणि फक्त एकच वस्तू चालू असताना मिनिटात ३२ वेळा दिवा लागला, तर ती वस्तू ६०० वॉटची. मुलांना हा खेळ आवडतो.

नवीन टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारं) मीटर बसलेल्यांनी बिलात दिवसाच्या वापराची सवलत दिसते का ते पाहावं. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला ती लागते, त्यामुळे कपड्यांचं मशिन दुपारी लावणं बरं.

छतावरच्या सोलरची चौकशी वाढली आहे. वाशी-कोपरखैरणेच्या रो-हाऊसवाल्यांना ते जमतं. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० आणि ३ किंवा जास्त किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. टॉवरमधल्या फ्लॅटला स्वतःचं छत नसतं, तिथे सोसायटीने लिफ्ट, पंप, जिन्याच्या दिव्यांसाठी बसवावं. त्याला किलोवॉटमागे १८,००० मिळतात. एक किलोवॉट उन्हाळ्यात दिवसाला चार युनिटच्या आसपास देतो, आषाढ-श्रावणात बराच कमी. सोसायटीच्या सभेत हा आकडा आधीच सांगा, नाहीतर जुलैत सेक्रेटरीला ऐकून घ्यावं लागतं.

आमच्याकडे येताना मागच्या बारा महिन्यांची बिलं, निदान मोबाइलवर तरी, घेऊन या. मे आणि डिसेंबर शेजारी ठेवून पाहिले की अर्धं उत्तर तिथेच मिळतं. बिल बघायचे आम्ही पैसे घेत नाही. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं.