पळताना वाढत जाणारी धाप: बसून फुंकायच्या टेस्टपासून पळून करायच्या टेस्टपर्यंत

व्यायाम करताना धाप वाढत चालली म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या माणसाचा श्वास आजही बहुतेक वेळा तो खुर्चीत निवांत बसलेला असतानाच मोजतात, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि तरी हातात पंप पडतो. हे असं का झालं ते बघायला थोडं मागे जावं लागेल.

फार मागे नको. आयुर्वेदानं श्वासाचे पाच प्रकार सांगितले, त्यात श्रमानं लागणारा क्षुद्रश्वास आणि दम्याचा तमकश्वास हे वेगवेगळे धरलेत, म्हणजे धाप दिसली की दमा असं तेव्हाही नव्हतं. फुंकून फुफ्फुसाची हवा मोजायचं यंत्र 1846 मध्ये लंडनमध्ये आलं. पण एकूण हवा किती यापेक्षा पहिल्या एका सेकंदात किती बाहेर पडते हा आकडा महत्त्वाचा, हे पुढं यायला 1947 उजाडलं. आजही सगळं त्याच आकड्यावर चालतं.

1960 नंतर दम्याच्या मुलांना पळवून मग फुंकायला लावलं तेव्हा लक्षात आलं की श्वासनळ्या पळताना तेवढ्या नाही, तर थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी जास्त आवळतात. पुढं कारणही कळलं, जोरात श्वास घेताना नाकाला बायपास करून थंड कोरडी हवा थेट आत जाते आणि नळ्यांचं अस्तर कोरडं पडतं, म्हणून पोहणाऱ्याला त्रास कमी आणि थंडीत पळणाऱ्याला जास्त. निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास येतो त्या दिवसांत पहाटे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पोलीस भरतीची पोरं बघा, 1600 मीटर मारून थांबतात आणि मग खोकला सुरू होतो, आणि घरी त्याला "थंडी बाधली" म्हणतात. लॅबमधल्या टेस्टमध्येही साधारण सहा ते आठ मिनिटंच पळवतात, त्यात शेवटची चार-सहा मिनिटं पूर्ण जोर, कोरडी हवा, आणि नंतर 5, 10, 15, 30 मिनिटांनी फुंकायचं. पहिल्या सेकंदाचा आकडा 10 टक्के किंवा जास्त पडला तर टेस्ट पॉझिटिव्ह.

आता ज्या निर्णयावर अजून वाद होतो तो. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये 16 वर्षांच्या एका अमेरिकन जलतरणपटूचं 400 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक काढून घेतलं, कारण त्याच्या दम्याच्या औषधात इफेड्रिन हे बंदी असलेलं उत्तेजक होतं. तेव्हापासून दम्याचं औषध आणि उत्तेजक यांची गाठ पडली ती पडलीच. पुढच्या दोन-अडीच दशकांत पंप घेतो असं सांगणारे खेळाडू इतके वाढले की संशय यायला लागला, आणि 2002 च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी स्पर्धेसाठी नियम आला की नुसती डॉक्टरची चिठ्ठी चालणार नाही, पंप घ्यायचा असेल तर टेस्टचा पुरावा द्या. खेळाडू चिडले, आजाऱ्याला चोर ठरवताय का असं विचारलं गेलं, आणि तो राग खोटा नव्हता. पण त्या काळातल्या टेस्टिंगमधून जे बाहेर आलं ते फार मोलाचं होतं: खोकला-धाप सांगणाऱ्या कित्येकांच्या श्वासनळ्या ठणठणीत, आणि काहीच तक्रार नसलेल्यांच्या आवळलेल्या. म्हणजे लक्षणं ऐकून केलेलं निदान हे जवळजवळ छापा-काटा. मग 2010 पासून श्वासातून घ्यायच्या साल्ब्युटामॉलला (निळ्या पंपातलं, श्वासनळ्या उघडणारं औषध) मर्यादेत मोकळीक मिळाली, कारण त्या डोसमध्ये त्यानं कामगिरी वाढते असं काही दिसलं नव्हतं. उत्तेजकांच्या बाजूनं बघितलं तर निर्णय बरोबरच. पण माझ्या मते नुकसान निदानाचं झालं, कारण पुरावा मागणारा नियम गेला तसा टेस्ट करायचा रेटाही गेला, आणि सामान्य पळणाऱ्यापर्यंत तर तो कधी आलाच नव्हता.

दुसरा गुंता गळ्याचा आहे आणि तो सगळ्यात जास्त सुटून जातो. काहींची, विशेषतः किशोरवयीन मुलींची, अडचण फुफ्फुसात नसतेच, पूर्ण जोरात पळताना स्वरयंत्राचा भाग आत ओढला जाऊन वाट अरुंद होते. इथं आवाज श्वास आत घेताना येतो, घशातून येतो, ऐन जोरात असताना येतो आणि थांबलं की काही मिनिटांत जातो. दम्याची शिट्टी बहुतेक श्वास सोडताना येते आणि थांबल्यावर वाढते. एवढा फरक कोणी नीट विचारला तरी अर्धं काम होतं. पळतानाच नाकातून बारीक दुर्बीण ठेवून स्वरयंत्र बघायची पद्धत 2006 च्या सुमारास नॉर्वेतून पुढं आली, ती सगळीकडे मिळत नाही, आणि त्यामुळे अशा मुली पंप बदलत राहतात. पंपानं फरक पडत नाही आणि धाप वाढतेच आहे, तर पुढचा पंप देण्याआधी मूळ निदानच परत तपासायला हवं, त्यात हिमोग्लोबिन आणि हृदयाच्या झडपाही आल्या, आपल्याकडे दोन्ही दुर्मीळ नाहीत. पळताना चक्कर किंवा छातीत दुखणं असेल तर आधी ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), पळवायची टेस्ट नंतर.

या सगळ्याला 2019 नंतर जास्त वजन आलंय. तोपर्यंत पळण्याआधी निळ्या पंपाचे दोन पफ मारा असं सर्रास सांगायचे, त्या वर्षी दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि मोठ्यांना व बारा वर्षांपुढच्या मुलांना निळा पंप एकटा देऊ नका, सोबत स्टेरॉइडचा पंप हवाच असं ठरलं. खरा दमा असेल त्याच्यासाठी हे चांगलंच झालं, त्यानं तो पंप घाबरून सोडू नये. पण निदानच चुकलेलं असेल तर आता स्टेरॉइड महिनोन्महिने चालतं, म्हणून चेस्टवाल्या डॉक्टरांना व्यायामानंतरची स्पायरोमेट्री, म्हणजे पळवून मग फुंकायची टेस्ट, होईल का असं सरळ विचारावं, आणि टेस्टच्या आधी पंप किती तास बंद ठेवायचा तेही त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं.