फोटो वाचायला लिहिण्याची परवानगी का लागते?

लिनक्सवर कॅमेरा यूएसबीला जोडला आणि जीफोटोला, म्हणजे कॅमेऱ्यातून फोटो उतरवणाऱ्या प्रोग्रामला, विचारलं, की तो मॉडेलचं नाव अचूक सांगतो. फोटो उतरवायला सांगितलं की मात्र यूएसबी उपकरणाचा ताबा मिळत नाही म्हणून थांबतो, चूक क्रमांक -५३. कधी दुसऱ्याच प्रोग्रामने कॅमेरा आधी धरून ठेवलेला असतो. पण सुडो लावल्यावर, म्हणजे सर्वाधिकारी 'रूट' म्हणून चालवल्यावर, तोच हुकूम चालला, तर प्रश्न परवानगीचा आहे. तसे उतरवलेले फोटो रूटच्या नावावर जमा होतात आणि पुढे त्यांत काही बदल करायला गेलं की अडवतात. घरातल्या एका लग्नाचे फोटो मी असेच उतरवले होते, त्यामुळे हा त्रास मला नीट माहीत आहे.

या अडचणीचं मूळ युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सने ज्या प्रणालीचा साचा उचलला तिच्या, जुन्या मांडणीत आहे. एकाच यंत्रावर अनेक जण काम करायचे. प्रत्येक उपकरण म्हणजे एक फाइल, आणि तिला मालक, गट व इतर असे तीन हक्कदार. सुरुवातीचे डिजिटल कॅमेरे, उदाहरणार्थ १९९५चा कॅसिओ क्यूव्ही-१०, सीरियल केबलने जोडले जात. सीरियल पोर्ट मुख्यतः मोडेमसाठी वापरात असल्यामुळे डेबियन या लिनक्स वितरणावर त्याचा गट होता 'डायलआउट'. फोटो हवे असतील तर त्याच गटात नाव घालायचं. पोर्ट जागचं हलत नसल्याने एवढ्यावर भागायचं.

यूएसबीने हे गणित मोडलं. जानेवारी २००१मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, २.४ आलं, तेव्हा यूएसबीची उपकरणं कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या प्रॉक फाइल व्यवस्थेखाली दिसत. कॅमेरा काढून पुन्हा लावला की त्याला नवा क्रमांक मिळे, म्हणून हाताने बदललेली परवानगी पुढच्या जोडणीला उरतच नसे. त्यावर हॉटप्लग नावाच्या, उपकरण लागताच आपोआप धावणाऱ्या स्क्रिप्ट आल्या. जीफोटोमागची लायब्ररी लिबजीफोटो२ आपल्याला ठाऊक असलेल्या कॅमेऱ्यांची यादी तयार करून देई, उत्पादक आणि मॉडेल यांच्या क्रमांकांसह. कॅननचा उत्पादक क्रमांक ०४ए९. यादीतला कॅमेरा लागला की स्क्रिप्ट धावायची आणि फाइलचा गट बदलायची. २००३मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी उपकरणांच्या फाइली सांभाळणारं यूडेव्ह आणलं आणि हे काम हळूहळू त्याच्या नियमांकडे गेलं.

यूडेव्हच्या नेहमीच्या नियमानुसार यूएसबीची फाइल रूटच्या मालकीची असते. इतरांना ती वाचता येते, लिहिता येत नाही. फोटो तर नुसते वाचायचे आहेत, मग अडतं कुठे? पीटीपी या कॅमेरा-संगणक संवादाच्या ठरलेल्या पद्धतीत कॅमेरा आपणहून फोटो देत नाही. संगणक 'अमुक क्रमांकाचा फोटो दे' असा हुकूम पाठवतो, मगच फोटो येतो. हा हुकूम पाठवणं म्हणजेच त्या फाइलमध्ये लिहिणं. मॉडेलचं नाव ओळखायला वाचणं पुरतं, म्हणून तेवढं दिसतं. हे उमगल्यावर माझा बराचसा गोंधळ संपला.

परवानगी कोणाला द्यायची, हा त्याहून अवघड प्रश्न होता. गटात एकदा नाव घातलं की तो माणूस दूर बसून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, आला तरी तुमचा कॅमेरा उघडू शकतो. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पॅम-कन्सोल या लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या घटकाने आधीच वेगळी दिशा धरली होती: यंत्रापुढे जो बसला आहे, उपकरण त्याचं. पुढे हॅल आणि कन्सोलकिट या प्रोग्रामांनी तीच कल्पना एसीएलच्या, म्हणजे ठरावीक माणसाला फाइलवर वेगळा हक्क देणाऱ्या यादीच्या, मदतीने राबवली. २०१०मध्ये लिनक्समधल्या सेवा चालवणारं सिस्टमडी आलं, पाठोपाठ कोण लॉगिन आहे याची नोंद ठेवणारं त्याचं लॉगइनडी आलं, आणि यूडेव्हच्या नियमांत 'यूॲक्सेस' ही खूण रुजली. आता पीटीपीच्या कॅमेऱ्यांसाठी मॉडेलांची लांबलचक यादी लागत नाही. इंटरफेसचा वर्ग ०६०१०१ दिसला की खूण लागते. स्वतःची वेगळी पद्धत वापरणारे कॅमेरे मात्र अजून लिबजीफोटो२च्या यादीवरूनच ओळखले जातात. समोर बसलेल्याचं नाव फाइलच्या एसीएलमध्ये चढतं, आणि फाइलींची यादी काढली तर परवानग्यांच्या शेवटी बारीकसं '+' दिसतं. माझ्या मते इतक्या वर्षांतलं हेच सर्वांत न्याय्य उत्तर आहे.

त्यालाही मर्यादा आहे. एसीएल तपासला जातो तो फाइल उघडताना; आधीच उघडून ठेवलेली फाइल हातातून काढून घेतली जात नाही. शिवाय रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला कॅमेरा लावून त्यावर एसएसएचने काम करणाऱ्याला यंत्र 'समोर बसलेला' मानत नाही. तिथे आजही कॅमेरा 'प्लगडेव्ह'सारख्या गटाला देणारा यूडेव्ह नियम लागतो, आणि त्या गटात आपलं नाव घालावं लागतं.