बेल (चरित्रपट)

बेल : ब्रिटिश चरित्रपट (२०१३). दिग्दर्शिका अमा असांते (जन्म १९६९, लंडन; मूळ कुटुंब घानाचे). लंडनजवळच्या केनवुड हाउसमध्ये वाढलेल्या डायडो एलिझाबेथ बेल हिच्या तरुणपणाची ही कथा असून प्रमुख भूमिका गुगु म्बाथा-रॉ यांनी केली आहे. डायडोचा जन्म बहुधा १७६१ सालचा. बाप्तिस्मा १७६६ मध्ये झाल्याची नोंद आहे. आई मारिया ही आफ्रिकी गुलाम स्त्री, तर वडील सर जॉन लिंडसे आरमारी अधिकारी (१७६९ ते १७७२ या काळात हिंदुस्थानकडील ब्रिटिश आरमाराचे प्रमुख). लिंडसेंनी मुलीला आपले मामा, इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड, यांच्या घरी ठेवले. मॅन्सफिल्डची भूमिका टॉम विल्किन्सन यांची आहे.

चित्रपटाचे मूळ एका तैलचित्रात आहे. स्कॉटलंडमधील स्कून राजवाड्यात असलेल्या या चित्रात (सु. १७७८-७९) डायडो आणि मॅन्सफिल्डच्या पुतण्याची मुलगी एलिझाबेथ मरे एकत्र दिसतात. एलिझाबेथच्या हातात पुस्तक. डायडोच्या डोक्यावर पिसाचा फेटा, हातात फळे, आणि एक बोट स्वतःच्या गालाला टेकवलेले. हे बोट चेष्टेने टेकवले आहे की वर्णाकडे लक्ष वेधण्यासाठी, यावर एकमत नाही. चित्रावर सही नाही. ते दीर्घकाळ योहान झोफनीच्या (पुढे लखनौला राहून गेलेला चित्रकार) नावावर होते. आता डेव्हिड मार्टिन हाच चित्रकार मानला जातो व हे मत अधिक ग्राह्य वाटते. जुन्या यादीत डायडोची नोंद केवळ सेविका अशी होती. एलिझाबेथने तिच्या दंडाला लावलेला हात पाहिला की ती नोंद टिकत नाही.

पटकथेच्या श्रेयाचाही वाद झाला. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या मिसान सागे यांनी सेंट अँड्र्यूज येथे शिकत असताना हे चित्र पाहिले होते व त्यावरून पटकथा लिहिली. प्रकृतीच्या कारणाने त्या प्रकल्पातून बाहेर पडल्या. नंतर आलेल्या असांते यांनी, निर्माते डेमियन जोन्स यांनी पाठवलेल्या या चित्राच्या पोस्टकार्डापासून सुरुवात करून, आपण नव्याने लेखन केल्याचे सांगितले. लेखकसंघाच्या लवादाने श्रेय एकट्या सागे यांना दिले. तरीही पडद्यावर चित्राचा जो अर्थ लागतो त्यात दिग्दर्शिकेचा वाटा मोठा आहे, हे नोंदवणे न्याय्य ठरेल.

कथानकाचा कणा आहे ‘झाँग’ जहाजाचा खटला. १७८१ मध्ये या जहाजावरून १३० हून अधिक आफ्रिकी गुलामांना समुद्रात फेकण्यात आले आणि मालकांनी त्यांची किंमत विमा कंपनीकडे मागितली. १७८३ मध्ये प्रकरण मॅन्सफिल्डसमोर आले. चित्रपटात हा नैतिक निवाडा वाटतो. प्रत्यक्षात त्यांनी फक्त फेरसुनावणीला परवानगी दिली, आणि ती झाल्याचा पुरावा नाही. गुलामाला बळजबरीने इंग्लंडबाहेर नेण्यास मनाई करणारा मॅन्सफिल्ड यांचाच सॉमरसेट निकाल त्याआधीचा, १७७२ चा. डायडोचा या निकालांवर प्रभाव पडला असावा, हा तर्क आहे. चित्रपट तो सत्य धरून चालतो. चित्रपटातील डायडोला वडिलांकडून मोठी मिळकत मिळते; कागदोपत्री ठोस दिसते ते मॅन्सफिल्डचे मृत्युपत्र : ५०० पौंड, वर्षाला १०० पौंड आणि तिच्या स्वातंत्र्याची पुष्टी.

म्बाथा-रॉ (जन्म १९८३, ऑक्सफर्ड) यांचा अभिनय ही चित्रपटाची सर्वांत मोठी जमेची बाजू. पाहुणे असताना डायडोला पंगतीत स्थान नाही. जेवण उरकल्यावर तिने दिवाणखान्यात यायचे. (पाहुणे थॉमस हचिन्सन यांनी १७७९ च्या रोजनिशीत तिला असेच जेवणानंतर येताना नोंदले आहे.) हा अपमान म्बाथा-रॉ चेहरा न हलवता, ताठ मानेने गिळतात. मग एकांतात, आरशासमोर, ती आपलीच कातडी ओरबाडते. या दृश्यात संवाद नाही. त्यांना २०१४ चा ब्रिटिश स्वतंत्र चित्रपट पुरस्कार (सर्वोत्कृष्ट अभिनेत्री) मिळाला. २०१३ च्या टोरंटो महोत्सवात ‘बेल’बरोबरच ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ दाखल झाला. गुलामगिरीवरील त्या चित्रपटाच्या चर्चेत ‘बेल’ मागे पडला असावा. ‘बेल’ याहून अधिक मानाचा धनी होता.

चित्रीकरणाच्या वेळी केनवुडची डागडुजी चालू असल्याने बाह्यदृश्ये वेस्ट विकम पार्क येथे घेतली गेली. संगीत रेचेल पोर्टमन यांचे.

डायडोचा भावी पती जॉन डॅव्हिनिए हा चित्रपटात पाद्र्याचा मुलगा व होतकरू वकील आहे. प्रत्यक्षातला डॅव्हिनिए बहुधा फ्रेंच असून घरकारभारी होता. विवाह डिसेंबर १७९३ मध्ये, मॅन्सफिल्डच्या निधनानंतर काही महिन्यांनी झाला. तीन मुलगे झाले. डायडो १८०४ मध्ये वारली. तिची दफनभूमी पुढे घरांखाली गेली.