माणूस प्राण्यांत मोडतो का?

‘माणूस प्राणी नाही, तो वेगळाच आहे’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. भाषा, विचार, नीती हे आपलं वेगळेपण खरोखर मोठं आहे, त्यामुळे तो पटणं स्वाभाविक आहे. पण जीवशास्त्र शरीर पाहतं. बहुपेशीय देह, पेशींना भिंत नाही, अन्न बाहेरून घ्यावं लागतं: प्राण्यांची ही सगळी लक्षणं आपल्याला लागू पडतात. अंगावर केस आणि बाळाला दूध, म्हणून सस्तन.

पडताळायचं असेल तर मानेच्या एक्स-रेत मणके मोजा, ७ भरतील. जिराफाच्या सांगाड्यातही ७च, उंदराच्याही. चिंपांझीत गुणसूत्रांच्या (पेशीतल्या, आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या धाग्यांच्या) २४ जोड्या, आपल्यात २३. हा फरक का? आपल्या पूर्वजांत दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली, आणि त्या सांध्याच्या खुणा आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आजही स्पष्ट दिसतात.