हायरम जॉन्सन

हायरम वॉरेन जॉन्सन (२ सप्टेंबर १८६६ – ६ ऑगस्ट १९४५) : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे गव्हर्नर (१९११–१७) आणि त्यानंतर अखेरपर्यंत सिनेटर. मतदारांना थेट कायदा करण्याचा आणि निवडून दिलेल्या पदाधिकाऱ्याला मुदतीआधी घरी बसवण्याचा अधिकार या राज्यात मिळाला तो त्यांच्याच कारकिर्दीत.

जन्म सॅक्रॅमेंटोचा. त्या काळी राज्याचे राजकारण सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या मुठीत होते आणि वडील ग्रोव्ह जॉन्सन हे या कंपनीचे खंदे पाठीराखे. मुलगाही वडिलांसारखा वकील झाला, पण राजकारणात बापलेकांचे बिनसले. १९०२ मध्ये जॉन्सन यांनी सान फ्रान्सिस्कोत बस्तान बसवले. तिथे शहराचा राजकीय सूत्रधार एब रुफ याच्यावर लाचखोरीचा खटला चालू होता. नोव्हेंबर १९०८ मध्ये सरकार पक्षाचे वकील फ्रान्सिस हेनी यांच्यावर भर न्यायालयात गोळी झाडली गेली. झाडणारा होता हेनींनी जुना गुन्हा उघड करून ज्युरीबाहेर काढलेला एक माणूस. हेनी बचावले. जॉन्सन यांनी खटला पुढे चालवला, डिसेंबरात रुफ दोषी ठरला आणि त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. या निकालाने जॉन्सन यांचे नाव घरोघरी पोहोचले.

१९१० च्या प्रचारात ते उघड्या मोटारीतून गावोगाव फिरले. सांगणे एकच : सदर्न पॅसिफिकला राजकारणातून हाकला. सत्तेवर येताच त्यांनी रेल्वे आयोगाला दात दिले. १० ऑक्टोबर १९११ रोजी घटनादुरुस्तीचे २३ प्रस्ताव मतदानाला आले, त्यांपैकी २२ मंजूर झाले. स्त्रियांचा मताधिकार जेमतेम साडेतीन हजारांच्या फरकाने तरला. त्यासाठी स्वतः जॉन्सन यांनी फारसा जोर लावला नव्हता. पदाधिकाऱ्याला परत बोलावण्याच्या तरतुदीवर खरे रण माजले, कारण ती न्यायाधीशांनाही लागू होती. राज्यपातळीवरील पदासाठी मागील निवडणुकीतील मतांच्या १२ टक्के सह्या जमल्या की पुन्हा मतदान घ्यावे लागते. याच मार्गाने २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना पायउतार व्हावे लागले. २०२१ मध्ये गॅव्हिन न्यूसम मात्र टिकले.

१९१३ चा जमीन कायदा हा या कारकिर्दीवरचा मोठा डाग, आणि सुधारणांच्या कौतुकात तो झाकता कामा नये. नागरिकत्वास अपात्र ठरवलेल्या परकीयांना शेतजमीन घेण्यास त्याने बंदी केली. रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी परराष्ट्रमंत्री ब्रायन यांना सॅक्रॅमेंटोला पाठवले, तरी जॉन्सन यांनी सही केलीच. भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९२३ च्या भगतसिंग थिंड निकालानंतर तिथले भारतीय शेतकरीही या कायद्याच्या कचाट्यात सापडले.

१९१२ मध्ये ते थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि हरले. १९१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार चार्ल्स इव्हान्स ह्यूज लाँग बीचच्या एका हॉटेलात उतरले होते. जॉन्सनही तिथेच होते, पण भेट झाली नाही. जॉन्सन यांना हा अपमान वाटला. नोव्हेंबरात ते स्वतः सुमारे तीन लाखांच्या मताधिक्याने सिनेटवर गेले, तर ह्यूज कॅलिफोर्निया चार हजारांहून कमी मतांनी हरले आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपदही गमावून बसले.

सिनेटमध्ये त्यांनी अमेरिकेला परकीय भानगडींपासून दूर ठेवण्याचा हट्ट धरला. राष्ट्रसंघाला त्यांनी कडाडून विरोध केला. पहिल्या महायुद्धाची कर्जे बुडवणाऱ्या देशांना नवे कर्ज देण्यास मनाई करणारा १९३४ चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. जुलै १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद परराष्ट्र समितीपुढे आली, तेव्हा विरोधात मत देणारे ते एकमेव सदस्य होते.